गाडी बंद, प्लॅन चालू!

सेल्फ ड्राइव्ह युरोप ट्रिप ठरली की आपण हॉटेलांचे रिव्ह्यू वाचतो, व्हेज रेस्टॉरंट्स शोधतो, चिवड्या-ठेपल्यांचं वजन करतो. पण 'गाडी बंद पडली तर?' असं कुणी विचारायचा अवकाश, सगळे एकसुरात 'शुभ बोल नाऱ्या!'

आपल्याकडे हा प्रश्न फारसा छळत नाही. बॉनेट उघडलं की चार सल्लागार गोळा होतात, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवली की झाला सिग्नल, आणि पुढच्या वळणावर पंक्चरवाला असतोच. जर्मनीच्या ऑटोबानवर यातलं काही नसतं. असतो तो फक्त वेग. म्हणून यंदा आई-बाबांना घेऊन म्युनिक ते फ्रान्स ड्राइव्ह करायचं ठरल्यावर मी हॉटेलांआधी ब्रेकडाऊनची यादी केली. घ्या, तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी कागद. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून मिळतं, ते जास्तीत जास्त वर्षभर चालतं आणि मूळ लायसन्स सोबत लागतंच. गाडी भाड्याने घेताना दोन प्रश्न बिनधास्त विचारा: ती दुसऱ्या देशात नेता येईल ना? आणि इन्शुरन्समध्ये टायर, काच, चुकीचं इंधन हे सगळं धरलंय का? बऱ्याचदा नसतं. हेल्पलाइनचा नंबर कागदावरही लिहा. मोबाइल नेमका तेव्हाच मान टाकतो.

मग डिकी. जर्मनीत वॉर्निंग ट्रँगल, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि फर्स्ट एड किट, तिन्ही सक्तीचं. फ्रान्समध्ये ट्रँगल आणि जॅकेट २००८ पासून कंपल्सरी. जॅकेट मात्र डिकीत नको, हाताशी हवं, कारण ते उतरण्याआधी घालायचं असतं. आणि एकच का? माणशी एक मागा. स्टेपनी आहे का तेही बघा. नव्या गाड्यांत अनेकदा नुसतं पंक्चर किट असतं.

इंधन भरताना भाषेवर नव्हे, आकारावर जा. २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये पंपावर पेट्रोलला गोल लेबल असतं, डिझेलला चौकोनी. आणि टाकीवर नजर ठेवा. ऑटोबानवर इंधन संपून थांबलात तर तो टाळता येण्यासारखा निष्काळजीपणा धरतात आणि दंड होऊ शकतो!

आता खरी परीक्षा. गाडी उजव्या कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, जॅकेट घाला आणि सगळ्यांनी उजव्या दारानेच उतरून रेलिंगपलीकडे जायचं. ट्रँगल लावायचा तो जिवाला धोका नसेल तरच. फ्रान्सच्या टोलवाल्या मोटरवेवर आपल्या कंपनीची टो व्हॅन बोलावता येत नाही. साधारण दर २ किलोमीटरवर असलेल्या केशरी एसओएस फोनवरून कळवायचं, मग तिथली अधिकृत गाडी येते. जर्मनीत कडेच्या खांबांवरचे बाण जवळच्या फोनची दिशा दाखवतात. कुणाला लागलं असेल तर सरळ ११२. कुठल्याही फोनवरून, फुकट.

या सगळ्यात मला धास्ती आहे ती एकाच वाक्याची. 'बाहेर गार वारा आहे गं, मी आतच बसते.' हायवेच्या कडेला बंद पडलेली गाडी आडोसा वाटते, पण मागून येणारा एखादा डुलका घेणारा ट्रक तिला सरळ धडकू शकतो. म्हणून शाल, पाणी आणि बीपीच्या गोळ्या डिकीत नाहीत, आईच्या पायाशी पिशवीत.

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम घेतली. बाबा सवयीने डाव्या दाराने उतरले आणि थेट बॉनेटकडे निघाले. आईने उजवं दार उघडलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "अहो, बॉनेट राहू द्या. आधी रेलिंग." ट्रिपसाठी आम्ही रेडी आहोत!