पट कमी झाला, तो कुणामुळे?



सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची मुलं एकत्र आणून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात अशा शाळा 14,783 आणि त्यांतली मुलं 1,85,467. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं पुढे केली गेली. विरोध झाल्यावर 'सक्ती नाही' असं सांगण्यात आलं. पण कमी पटाची शाळा म्हणजे खर्चाचं ओझं, हा विचार काही तेवढ्याने मागे गेला नाही.

कोयनानगरच्या आसपास बायकांच्या गटांबरोबर काम करताना मला प्रश्न पडतो, की इथल्या वाड्यांत मुलं कमी का? साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं आणि सुमारे शंभर गावं उठली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्याचा पहिला कायदा 1976 चा. काही कुटुंबं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेली, काही पाण्याच्या वर डोंगरात सरकली. 11 डिसेंबर 1967 ला भूकंप झाला. 1985 मध्ये अभयारण्य आलं, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. चराई, लाकूडफाटा, शेती, सगळ्यावर बंधनं आली. पुरुष मुंबईला गेले, ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलंही नेली. राज्याला वीज मिळाली आणि इथली गावं विरळ झाली. आता तेच शासन म्हणतं, गाव विरळ आहे, शाळा परवडत नाही!

मागे राहिली ती ज्यांना जाणं परवडलं नाही ती घरं. म्हातारी माणसं, एकट्या बाया, धनगरवाड्यावरची कुटुंबं. शाळा गेली तर फटका त्यांनाच बसणार.

शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असं अंतर धरलं आहे. लहान वस्त्यांसाठी वाहनाची सोयही सांगितली आहे. पण नकाशावरचे तीन किलोमीटर म्हणजे इथे एक ओढा, एक चढ आणि गवे-बिबट्याचं रान. पाऊस वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येईल, तिथपर्यंत सात वर्षांच्या मुलीला कोण सोडणार? अर्थात आई. म्हणजे तिची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. हे फार दिवस चालत नाही. मग मुलगा मामाकडे शिकायला जातो आणि मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. ती शाळेतून 'गळाली' अशी नोंद होते. खरं तर शाळाच तिच्यापासून लांब नेलेली असते.

शाळेबरोबर दुपारचा गरम भातही जातो. शिवाय पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस, या हिशेबाने प्रत्येक लहान शाळेत एका बाईला रोजगार आहे, तोही जातो. बचतीच्या आकड्यात यातलं काहीच धरलेलं नसतं.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. चार-पाच मुलांत मूल एकटं पडतं. एकाच शिक्षकावर चार वर्ग, त्यात शासनाच्या माहितीचे कागद भरणं. गटाच्या बैठकीत आयाच विचारतात, 'बाई, अशा शाळेत आमची पोरं काय शिकणार?' हा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर शाळा उचलणं नव्हे. पाचवीपर्यंतची शाळा वाडीतच राहू द्या, दुसरा शिक्षक द्या. आठवड्यातून एक दिवस जवळच्या शाळांची मुलं खेळायला, शिकायला एकत्र आणा. मोठ्या वर्गांसाठी दारापर्यंत येणारं वाहन द्या, त्यात मुलींसोबत एक बाई नेमा. गरिबाची मुलगी शाळेत येते तेव्हा घराचं काय बुडतं, हे शासनाला एकदा कळलं होतं. म्हणूनच 1992 साली मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. रुपया फार थोडा होता, पण त्यामागची समज बरोबर होती.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असायलाच हव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी त्या फक्त सहीपुरत्या बोलावल्या जातात. तुमच्या भागात कमी पटाची शाळा असेल तर या बायांना एकत्र करा. मुलांच्या पायवाटा त्यांच्याबरोबर स्वतः चालून पाहा, किती वेळ लागतो ते लिहून काढा. समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव वेळेआधी करून ठेवा. शाळेला कुलूप लागल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा हे सोपं आहे.

तुमच्याकडचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.