सनद, पेढी आणि पाद्री

इंग्रजांच्या तलवारीमागून ख्रिस्ती धर्म हिंदुस्थानात आला, असे सरसकट म्हटले जाते. केरळातील सीरियन ख्रिस्ती त्याहून कितीतरी शतके जुने. गोव्यात मात्र पोर्तुगीज राजसत्ता धर्मप्रसार हे आपले कर्तव्यच मानीत होती. १५६० पासून तेथे इन्क्विझिशनचा धाकही होता. ईस्ट इंडिया कंपनीची रीत निराळी. ती मुळात पेढी होती, आणि पेढीचे लक्ष प्रथम खातेवहीकडे असते.

गिऱ्हाइकाच्या देवधर्मात हात घातला की बाजार बिघडतो, हे कंपनीचे कारभारी पुरते जाणून होते. १७९३ साली विल्यम केरी हा धर्मोपदेशक कंपनीच्या परवान्याविनाच बंगालमध्ये उतरला. काही वर्षे त्याने निळीच्या कारखान्यावर नोकरी करून पोट भरले. १८०० साली त्याने आसरा घेतला तो डेन्मार्कच्या अमलाखालील सेरामपुरात. ख्रिस्ती राज्यात ख्रिस्ती उपदेशकाला थारा नाही, हा प्रकार आज नवलाचा वाटेल. त्याच केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापले गेले. पुढच्याच वर्षी वेल्लोरला शिपायांनी बंड केले. कारण होते कपाळावरचे गंध पुसण्याचे, दाढी काढण्याचे आणि नव्या पागोट्याचे लष्करी हुकूम. पण विलायतेत अनेकांनी खापर फोडले ते पाद्र्यांवर. इकडे जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंकडून कर घेण्यास कंपनीला कसलाच संकोच वाटला नाही.

ही स्थिती पालटली १८१३ च्या सनदी कायद्याने. चीनचा व्यापार आणि चहा वगळता कंपनीची मक्तेदारी याच कायद्याने मोडली, आणि धर्मोपदेशकांना परवाना मिळण्याची वाटही याच कायद्याने मोकळी केली. खासगी सौदागर आणि पाद्री एकाच दरवाजाने आत आले म्हणावयाचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस पोहोचले, तेव्हा त्यांना प्रथम निघून जाण्याचा हुकूम झाला होता. गव्हर्नर नेपियन यांनी अखेर त्यांना राहू दिले. त्यांच्या मिशनने शाळा काढल्या, छापखाना घातला, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले.

तरीही राज्यविस्ताराने धर्मप्रसाराला दिलेले खरे बळ शाळेपेक्षा कचेरीत शोधावे लागेल. जुन्या शास्त्राप्रमाणे व रूढीप्रमाणे धर्म सोडणारा वडिलोपार्जित मालमत्तेतील वाट्याला मुके. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखात ही अट रद्द केली. बंगाल व मद्रासच्या हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांची भीती पोकळ नव्हती. अविभक्त घराचे भांडवल आणि बाजारातील पत एकमेकांत गुंतलेली असते. धर्म बदलून घराबाहेर पडलेला भाऊ आता त्या भांडवलात कायद्याने हिस्सा मागू शकत होता. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. तोपर्यंत अशा भावाला नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावे लागे.