राष्ट्रांची भातुकली

अमरावतीशेजारचे भातकुली हे तालुक्याचे गाव आणि लहान मुलांची भातुकली यांच्या नावांत एका उकाराच्या जागेचाच काय तो फरक. त्या भातुकलीत बाहुला-बाहुली असत, लुटुपुटीचा संसार असे. आज मोबाइलच्या पडद्यावरून जपानी ॲनिमे मालिका महानगरांप्रमाणे तालुक्याच्या गावांतही पोचल्या आहेत आणि त्यांतल्या एका प्रकारात बाहुल्यांच्या जागी चक्क देश येऊन बसले आहेत. इटली हा भाबडा, खाण्यात रमणारा पोरगा. जर्मनी शिस्तीचा करडा. जपान अबोल आणि संकोची. हिदेकाझ हिमारुया यांच्या ‘हेतालिया’ या चित्रकथेवरून २००९ साली निघालेली मालिका या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. हे देश एकमेकांशी मैत्री करतात, रुसतात, पुन्हा गळ्यात गळे घालतात, आणि तरुण प्रेक्षक त्यातून आंतरराष्ट्रीय संबंधांचे पहिले धडे घेतात.

हा पोरखेळ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. देशाला माणसाचे रूप देण्याची हौस जपान्यांनी शोधून काढलेली नाही. इंग्लंडचा जॉन बुल आणि अमेरिकेचा अंकल सॅम व्यंगचित्रांतून पिढ्यान् पिढ्या वावरत आले. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली भारतमातेचे चित्र रंगविले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीला एक मुद्रा दिली. आपली रोजची भाषाही तशीच आहे. अमुक देश आपला सच्चा मित्र, तमक्याने पाठीत खंजीर खुपसला, असे आपण सहज लिहितो आणि बोलतो. कोट्यवधी लोकांचा देश डोळ्यांपुढे आणणे मनाला जड जाते. त्याचा एक चेहरा केला की तो ओळखीचा होतो. ज्या विद्यार्थ्याने त्रिराष्ट्र कराराचे नाव पाठ्यपुस्तकात वाचून विसरून टाकले असते, तो या पात्रांपायी ते कुतूहलाने शोधू लागतो. हा लाभ शिक्षकाने नाकारू नये.

परंतु या चेहऱ्याची किंमतही मोजावी लागते. २७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनी, इटली आणि जपान यांनी जो करार केला, तो तीन स्वभावांच्या मित्रांचा स्नेहमेळावा नव्हता. त्या युतीतील जपानच्या सैन्याने मार्च १९४२ मध्ये आपले अंदमान व्यापले आणि तेथील निरपराध रहिवाशांचे अतोनात हाल केले. भाबड्या आणि लाजाळू पात्रांच्या गमतीत हा भाग कोठेच दिसत नाही. ज्यांच्यावर हे दिवस गुजरले, त्यांना ही गंमत वाटत नाही, हेही सिद्ध झालेले आहे. कोरियाच्या पात्राचे चित्रण अपमानास्पद असल्याची ओरड दक्षिण कोरियात झाली आणि जानेवारी २००९ मध्ये मालिकेचे दूरचित्रवाणीवरील नियोजित प्रक्षेपण रद्द करावे लागले. देशाचे पात्र केले की त्याचा अपमान प्रत्येक नागरिकाला स्वतःचा वाटतो. मग मैत्रीची कथा वैराचे निमित्त होते.

या बाबतीत आपल्याला परक्यांचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करारात पंचशील घातले गेले आणि ‘हिंदी-चिनी भाई भाई’ ही घोषणा घरोघर गेली. दोन देश म्हणजे दोन भाऊ! सीमा कोठून जाते, नकाशात काय आहे, हे प्रश्न भावाभावांत काढायचे नसतात, अशी समजूत त्या नात्याने नकळत रुजविली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्ध पेटले, तेव्हा पराभवाइतकाच विश्वासघाताचा घाव जिव्हारी लागला. शेजारी राज्याशी मतभेद झाले असते तर त्याची तयारी ठेवता आली असती. भाऊ उलटला की माणूस सुन्न होतो. मागील पिढीची ही भातुकली महागात पडली.

याच दोन देशांच्या मैत्रीचे दुसरे चित्र मात्र आजही पुसले गेलेले नाही, आणि ते महाराष्ट्राने काढले आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी १९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच आपल्या विदर्भातील, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी रणभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला आणि मुलाचे नाव ठेवले यिनहुआ; त्यातील एक अक्षर भारताचे, दुसरे चीनचे. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तेथेच वारले. पुढे युद्ध झाले, २०२० मध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले, तरीही चीनमध्ये त्यांचे स्मारक उभे आहे. घोषणेतला भाऊ गेला, डॉक्टर राहिला. कारण तो कल्पनेतील चीनशी नव्हे, तर खाटेवर पडलेल्या जखमी माणसाशी मैत्री करीत होता.

जपानच्या बाबतीतही हेच दिसते. युएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती युद्धकाळात, १९४३ साली, उपाशी ठेवून मारण्यात आले होते. युद्धानंतर तोक्योच्या मुलांनी हत्तीची मागणी केली आणि १९४९ साली पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठविली. १९५२ साली भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरील हक्क सोडला. १९५५ साली तेथील विश्वधर्म परिषदेला आपल्याच जिल्ह्यातील यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गेले. याच मातीतील पंजाबराव देशमुखांनी १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघेही आपली शेतीची साधने घेऊन तेथे आले. मुलांचे पत्र, कराराचे कलम, भजन, नांगर: मैत्री अशा निरनिराळ्या वाटांनी येते. एका चेहऱ्यात ती मावत नाही.

तेव्हा या मालिकांवर बंदी घालण्याची भाषा नको आणि त्यांनाच इतिहास समजण्याची भाबडी वृत्तीही नको. विद्यार्थ्याने ‘भारत’ आणि ‘जपान’ यांची पात्रे खुशाल काढावीत. शिक्षकाने त्यापुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत: ही मैत्री कोणत्या तारखेच्या कोणत्या करारावर उभी आहे? तीत कोणाचा कोणता स्वार्थ आहे? आणि ती निभावण्यासाठी कोणा माणसाने काय केले? स्वार्थाचा प्रश्न विचारल्याने मैत्री हलकी होत नाही. शेतकरी बांधावरच्या शेजाऱ्याशी स्नेह ठेवतो आणि बांधाची खूणही जपतो. त्यात त्याला विसंगती वाटत नाही. राष्ट्रांनी आणि त्यांच्या नागरिकांनी एवढा व्यवहार शिकला, तर स्नेह अधिक टिकाऊ होईल आणि तुटला तरी त्याचे रूपांतर आंधळ्या द्वेषात होणार नाही.