मुंग्या गेल्या, हिशेब आला
बंगळुरूत केबल डिजिटल करण्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. देशभरच्या या बदलाचा हा दुसरा टप्पा; पुणे, नागपूर, सोलापूरही त्यातच. जुन्या अ‍ॅनालॉग तारेत वाहिन्यांना जागा मोजकी, त्यामुळे बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या मराठी घरात काय दिसणार हे केबलवाला ठरवायचा. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आटोपल्यावर मराठी उरली तर उरली, तीही पडद्यावरच्या मुंग्यांसकट. सेट टॉप बॉक्स आला, एका वाहिनीच्या जागेत अनेक मावू लागल्या आणि मराठी मालिका लख्ख दिसू लागल्या. आजींच्या हाती मात्र दोन रिमोट आले. भलतंच बटण दाबलं की पडद्यावर ‘नो सिग्नल’. २०१९मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या नियमांनी वाहिन्या निवडायची मुभा दिली. केबलवाल्याची मर्जी सुटली खरी, पण मायबोलीसाठी दरमहा वेगळे पैसे मोजायचे की नाही, हे आता घरातच भांडून ठरतं.