विज्ञानाच्या वाटेने: मेंदूची चित्रे काढणारी विद्या

शास्त्रात गती असलेले मूल व्यापारी घरात निपजले की त्याला डॉक्टर करावे किंवा चार्टर्ड अकाउंटंट, एवढ्यावरच आपला विचार थांबतो. विद्यापीठातील संशोधन हाही चरितार्थाचा मार्ग आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. म्हणून आज इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची हकीकत सांगतो.

पीटर मॅन्सफील्ड यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्याची वाट धरली. पुढे अग्निबाणांच्या सरकारी खात्यात नोकरी करीत फावल्या वेळी अभ्यास केला, १९६२ मध्ये लंडनला डॉक्टरेट मिळवली आणि १९६४ मध्ये ते नॉटिंगहॅमला अध्यापक झाले. विषय भौतिकशास्त्र, वैद्यक नव्हे. पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. बलाढ्य चुंबकात त्याच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी छेडले की ती क्षीण संकेत परत देतात आणि त्यांवरून अंतर्भागाचे चित्र रचता येते. ना चिरफाड, ना क्ष-किरण. हेच एमआरआय. १९७८ मध्ये धोक्याचा इशारा मिळूनही मॅन्सफील्ड स्वतःच आपल्या यंत्रात शिरले. २००३ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना व अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांना विभागून मिळाले.

आज त्यांच्या नावाचे केंद्र तेथे आहे. रुग्णालयात बहुधा दीड वा तीन टेस्लाचे चुंबक असते, तेथे सात टेस्लाचेही आहे. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम व लंडनच्या संशोधकांनी मेंदूतील विद्युतप्रवाहांची चुंबकीय चाहूल घेणारे शिरस्त्राण सादर केले. ते घालून माणूस मान हलवू शकतो, पेय पिऊ शकतो. अशा कामाला भौतिकी, अभियांत्रिकी, संगणन, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र जाणणारी माणसे लागतात.

आता हिशेबाची बाजू. डॉक्टरेटला तीन-चार वर्षे लागतात. त्यानंतरच्या नेमणुका बहुधा दोन-तीन वर्षांच्या. अनुदान संपले की नोकरीही संपते. कायम जागा थोड्या. संकेत-विश्लेषण व संगणनाचे कौशल्य यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांतही उपयोगी पडते, हा आधार खरा. तरीही तिशी उलटेपर्यंत स्थैर्य येईलच असे नाही. लग्नाची बोलणी करणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो निघालाच पाहिजे: हिंसेचा. मेंदूविज्ञानाच्या अनेक प्रयोगशाळांत प्राण्यांवर प्रयोग होतात. मानवी प्रतिमाशास्त्रात मात्र स्वेच्छेने आलेल्या माणसांवर काम करता येते. तथापि रक्तातील प्राणवायूवरून मेंदूची क्रिया टिपण्याची जी रीत आज माणसांवर वापरतात, ती सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूवर दाखवली होती. या वारशाचे काय करावे, हे ज्याने त्याने ठरवावे. स्वतःच्या हातून काय घडेल, एवढे मात्र आधी विचारता येते. अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकांना पत्र लिहून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: या प्रकल्पात प्राण्यांवर प्रयोग आहेत काय, आणि अनुदान किती वर्षांचे आहे.