बाशिंग आपलं, मग जंगल कोणाचं?



जुन्या आंब्याच्या खोडावर, मोठ्या झाडाच्या बेचक्यात, ओल्या कातळावर बाशिंग वाढतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बुडाशी तपकिरी, वाळकी, पसरट पानं, नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी. वर लांब, हिरवी, कातरलेली पानं. ना फूल, ना बी. आणि खोडाला धरून सरपटणारा केसाळ कंद. तो ठेचून सुजलेल्या सांध्यावर, मुक्या मारावर लेप लावतात. काढा करून ताप-खोकल्याला देतात. हाड मोडलं तर दवाखान्यातच जायचं. लेपाने सगळं बरं होतं, असा आपला दावा नाही. आपला दावा जंगलावर आहे.

मागच्या पावसाळ्यात शहरातले दोन साहेब एका पाड्यावर आले. कंदाचे फोटो काढले. "आजी, हे कशावर चालतं?" विचारून वहीत उतरवून घेतलं. आजीने सगळं सांगितलं, वर कोरा चहा पाजला. "आदिवासींचं ज्ञान फार मोठं," असं म्हणून साहेब गेले. पुढे त्याच पाड्याचा सामूहिक दावा प्रांत ऑफिसात गेला, तेव्हा टेबलामागून प्रश्न आला, "जंगल तुम्हीच वापरता याला पुरावा काय?"

म्हणजे औषध विचारायचं तेव्हा आजी जाणकार, आणि जंगल मागितलं की तीच आजी अतिक्रमणदार! हे कुठलं गणित? आजीचं ज्ञान आभाळातून पडलं नाही. त्या झाडापर्यंत पायवाट आहे, ती तिच्या सासूच्या पायांनी पडली आहे.

हा दुटप्पीपणा जुना आहे. इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्यात वनोपज म्हणजे काय ते वाचा. जंगलातली झाडं, पानं, फुलं, फळं तर झालीच, पण गवत, वेली आणि शेवाळसुद्धा! राखीव जंगलातून यातलं काही आणलं तर गुन्हा. आजी सुनेच्या गुडघ्यासाठी कंद आणायला गेली की ती गुन्हेगार.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे उलटं केलं. औषधी वनस्पती, मुळं, कंद हे गौण वनोपज. परंपरेने गोळा करत आलो त्यावर आपली मालकी, मग ते गावशिवेच्या आत असो की बाहेर. जैवविविधतेवर आणि पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क, तोही त्याच कायद्यात लिहिला आहे. आणि पुरावा म्हणाल तर नियम १३ उघडा. कंदमुळं गोळा करण्याच्या जागा, वैदू औषध आणतात तो परिसर, वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, हे सगळे पुरावे आहेत. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. म्हणून साहेब, बाशिंग हाच आमचा पुरावा!

काही जण म्हणतील, "तुमच्या हातात दिलं तर ओरबाडून खाल." जुनी माणसं कंदाचा तुकडा घेतात, वाढता शेंडा ठेवतात. झाड तर कधीच तोडत नाहीत, कारण झाड पडलं की बाशिंग गेलं. मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या, त्या आम्ही लावल्या का?

पण आपलं आपणही ऐकलं पाहिजे. तमिळनाडूत कोल्ली डोंगरावर हाच कंद सूप करायला बाजारात विकला जातो. मागणी आपल्याकडेही येईल. व्यापारी गोणी घेऊन दारात येईल, आपलाच पोरगा चार पैशांसाठी अख्खं खोड सोलून देईल. मग हक्काचा कागद मिळून काय उपयोग? हक्क पाहिजे तर राखण आपण करायची.

तेव्हा आता कामाला लागा.

एक : म्हाताऱ्या माणसांना घेऊन जंगल फिरा. बाशिंग कुठल्या झाडावर, कुठल्या कातळावर, ते आपल्या नावांनी नकाशावर टाका.

दोन : वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्या, सही-अंगठ्यासह. एकाच पुराव्यावर थांबू नका, दोन-तीन जोडा.

तीन : ग्रामसभेत ठराव करा. कंद किती काढायचा, शेंडा कसा राखायचा, बाहेरच्याला परवानगीशिवाय बंदी. वही घेऊन कोणी आला तर आधी ग्रामसभा, मग चहा.

चार : दावा दिला की पोच घ्या. प्रांत ऑफिसातल्या समितीने नामंजूर केला तर लेखी कारण मागा आणि ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अर्ज करा. मुदत चुकवू नका.

आजी आहे तोवर तिच्याबरोबर चाला. ती गेल्यावर ती वाट दाखवायला कोणी साहेब येणार नाही.