वनांचे आकडे आणि ढलप्यांची जहाजे

जपानच्या भूमीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अरण्याने व्यापलेला आहे. औद्योगिकदृष्ट्या प्रगत राष्ट्रांत असे उदाहरण विरळाच. शिंतो मंदिरांभोवतीची राने तेथे आजही पवित्र मानली जातात; ती पाहताना आपल्या सह्याद्रीतील देवरायांचे स्मरण व्हावे. या निसर्गभक्तीचे आपल्याकडे कौतुक होते आणि ते अस्थानी नाही. परंतु वनांच्या आकड्याशेजारी आयातीचा रकाना मांडला की चित्र पालटते.

कागदाचा लगदा करण्यासाठी लाकडाच्या ढलप्या लागतात. १९६० च्या दशकापासून जपानने त्या परदेशांतून, खास त्यासाठी बांधलेल्या जहाजांतून आणण्यास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील ईडन बंदरातून १९७० च्या सुमारास ही निर्यात सुरू झाली आणि तेथील निसर्गसिद्ध निलगिरीची अरण्ये अनेक दशके ढलप्या होऊन जपानी गिरण्यांत गेली. तेथे आंदोलने झाली, जहाजे मात्र थांबली नाहीत. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जपानची आयात, कोरड्या वजनाने, वर्षाला एक कोटी टनांच्या आगेमागे राहिली. इकडे युद्धोत्तर काळात त्या देशाने स्वतःच्या डोंगरांवर कष्टाने लावलेली सुगी आणि हिनोकीची झाडे विदेशी लाकडाच्या स्पर्धेमुळे न तोडता उभी राहिली. २००२ मध्ये लाकडाच्या बाबतीत जपानची स्वयंपूर्णता जेमतेम १९ टक्क्यांवर आली होती. (या सुगीच्या परागकणांनी दर वसंतात लक्षावधी जपानी शिंकत असतात, हा आणखी एक उपहास!) पुढे जपानने धोरण सुधारले आणि २०२० पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर नेले, हे त्याच्या श्रेयाचे.

चीनची कथा याहून बोधप्रद. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे चीन जपानला ढलप्या विकत होता. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुराने उजाड डोंगरांची किंमत त्याला दाखवून दिली. वृक्षतोडीवर निर्बंध आले आणि २०१७ पर्यंत नैसर्गिक वनांतील व्यापारी तोड देशभर बंद करण्यात आली. कागदगिरण्यांची भूक मात्र वाढतच होती. २००८ च्या सुमारास जेमतेम दहा लाख टन ढलप्या आणणारा हा देश २०१८ मध्ये एक कोटी वीस लाखांच्या पुढे गेला आणि त्याने जपानला मागे टाकले. रद्दी कागदाची आयात २०२१ पासून बंद केल्यावर ही गरज अधिकच तीव्र झाली.

मग ही झाडे कोठे तुटतात? मुख्यतः व्हिएतनाममध्ये. तेथील लहान शेतकरी अकेशिया लावतो आणि पाच-सहा वर्षांतच कापून ढलप्यांसाठी विकतो. तेच झाड दहा वर्षे राखले, तर फर्निचरचे लाकूड होऊन कितीतरी अधिक दाम देते. परंतु कर्जाच्या आणि वादळाच्या भयाखाली असलेल्या कुटुंबाला एवढा धीर कोठून असणार? शेजाऱ्यांच्या हिरव्या टक्केवारीची किंमत हा शेतकरी मोजतो आहे.

आपण या दोहोंपैकी कोणाचा कित्ता गिरवणार? १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना बजावले की कच्चा माल सरकारी वनांतून सवलतीच्या दरात मागू नका, शेतकऱ्याशी नाते जोडून तो पिकवा. आंध्रात सुबाभूळ आणि निलगिरीच्या रूपाने हे काही अंशी साधले. विदर्भात मात्र बल्लारपूरच्या गिरणीला अनेक दशके जंगलातील बांबू मिळत राहिला आणि त्याच बांबूवर गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला आपला हक्क विकण्याइतपत प्रत्यक्षात आणण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले. शेतातील बांबू तोडायला झाडाचा कायदा लागू नये, एवढी साधी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली.

२०२३ च्या वन सर्वेक्षणानुसार आपले वन व वृक्षाच्छादन २५.१७ टक्के आहे. या अहवालाच्या प्रत्येक आवृत्तीत लगदा, ढलप्या आणि ओंडके यांच्या आयातीचा तक्ता जोडावा, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. ज्या कागदावर आमचे हे साप्ताहिक छापले जाते, त्याचाही हिशेब त्यात यावा.